चढावर अचानक दम सोडणारी जुनी कॅम्पर व्हॅन : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत सगळ्यात जास्त तक्रार एकच होती, जुनी कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय केलेली व्हॅन, चांगली चालता चालता अचानक पुलिंग सोडते. म्हणून हा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलंय कारण त्या वाचकाशी माझा दोनदा पत्रव्यवहार झाला आणि त्यातून जे निघालं ते बऱ्याच जणांच्या कामाचं आहे.

प्रश्न : नमस्कार. आमची व्हॅन २००० सालची, टर्बो डिझेल, जुना रोटरी पंपवाली. आधीच्या मालकाने तिचा कॅम्पर करून घेतला होता, आम्ही तीन वर्षांपूर्वी घेतली. वर्षातून तीन-चार लांबच्या ट्रिपा होतात, बाकी वेळ उभीच असते. गेल्या दोन्ही ट्रिपला सेम प्रकार, तासभर मस्त चालते, मग मोठा चढ लागला की एकदम पुलिंग जातं, एक्सलेटर पूर्ण दाबला तरी ५० च्या वर जात नाही, धूर नाही, वेगळा आवाज नाही, डॅशबोर्डवर कुठला लाइट नाही. मग बाजूला घेऊन बंद करतो, आम्ही पण जरा पाय मोकळे करतो, परत चालू केली की काही झालंच नव्हतं अशी पळते आणि अर्ध्या-पाऊण तासाने परत तेच. डिझेल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला, नोझल काढून साफ केले. आता गॅरेजमध्ये सांगतायत की पंप बदला नाहीतर टर्बो बदला. दोन्ही खर्चाचं काम आहे. कुठलं आधी करू?

उत्तर : दोन्ही नको, ना इंजिनला डिझेल देणारा पंप, ना इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो, निदान आत्ता तरी नको. तुमच्या पत्रात "जरा पाय मोकळे करतो" असं एक वाक्य आहे ना, मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. गाडी बंद करून परत चालू केल्यावर बरी होते हे खरंय, पण ती *बंद केल्यामुळे* बरी होते की *थांबल्यामुळे*? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यावरून दोन वेगळे रस्ते फुटतात.

चावी बंद केली, दहा सेकंद थांबून परत लावली आणि तेवढ्यात ताकद परत आली, तर हे काम गाडीच्या कॉम्प्युटरचं आहे. त्याला कुठलं तरी रीडिंग पटलं नाही की तो इंजिन वाचवायला स्वतःहून टर्बोचं प्रेशर आणि डिझेल कमी करतो, याला लिंप मोड म्हणतात, आणि बऱ्याच गाड्यांत चावी फिरवली की तो विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पण दहा सेकंदांत काहीच फरक पडला नाही, पंधरा-वीस मिनिटं थांबल्यावरच बरी झाली, तर तिथे कॉम्प्युटरचा काही संबंध नाही. काहीतरी गरम होऊन बिघडतंय आणि गार झालं की सुधारतंय, किंवा काहीतरी हळूहळू तुंबतंय आणि थांबलं की मोकळं होतंय.

म्हणून मी या वाचकांना उलट तीन गोष्टी विचारल्या. एक, पुढच्या वेळी पुलिंग गेलं की फक्त चावी बंद-चालू करा, लगेच निघा, बघा. दोन, नाही जमलं तर खाली उतरून आधी डिझेल टाकीचं झाकण उघडा, हवा आत ओढल्याचा सूं आवाज येतो का ऐका, झाकण सैल ठेवून थोडं चालवून बघा. तीन, फिल्टर आणि पंपाच्या मधल्या पाइपात पारदर्शक पाइपचा वीतभर तुकडा बसवून घ्या, डिझेल चालेल असाच घ्या, आणि चढावर नेऊन आणल्यावर त्यात बुडबुडे दिसतात का बघा. सुरुवातीला एखाद-दुसरा बारीक बुडबुडा दिसला तर घाबरायचं कारण नाही, सलग माळ लागली तर मात्र गाडी कुठून तरी एअर घेतेय.

झाकणाची गोष्ट मी मुद्दाम विचारली. टाकीतून जेवढं डिझेल जातं तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी ब्रीदर असतो, बारीक नळी. ती चेपली किंवा चिखलाने बंद झाली की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंपाला डिझेल ओढणं जड जात जातं. माझ्या स्वतःच्या जुन्या व्हॅनला नेमकं हेच झालं होतं, खालून पाण्याची टाकी बसवताना कोणीतरी पट्टी अशी आवळली होती की ब्रीदरची नळी तिच्याखाली चेपली गेली. ते कळेपर्यंत एका गॅरेजमध्ये माझा पंप बदलून झाला होता, जो चांगला होता. एकदा डिझेल भरायला झाकण उघडलं तर इतका मोठा आवाज झाला की शेजारचा माणूस वळून बघायला लागला, आणि तिथून पुढे गाडी तासभर एक नंबर चालली. ते पैसे आणि ती वाया गेलेली सुट्टी मला अजून आठवते, म्हणून कॅम्परवाल्या प्रत्येकाला सांगतो, टाकीच्या आसपास कोणी काही नवीन बसवलं असेल तर आधी तिथे बघा.

या वाचकांचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. चावी बंद-चालू केल्याने काही झालं नाही. झाकण उघडलं तर आवाज नाही, फरक पण नाही. पारदर्शक पाइपात बुडबुडे अगदी थोडे, पण त्यांनी एक गोष्ट स्वतःहून लिहिली, आणि फार बारकाईने बघितलं त्यांनी, की पुलिंग गेल्यावर तो पाइप किंचित आत ओढल्यासारखा चपटा दिसत होता. वीस मिनिटांनी परत गोल.

इथे मला खात्री वाटायला लागली. पाइप आत ओढला जातोय म्हणजे पंप जिवंत आहे, तो जोर लावतोय, पण मागून डिझेल येत नाहीये. फिल्टर नवा आहे. ब्रीदर मोकळा आहे. मग उरलं काय, टाकीपासून फिल्टरपर्यंतची लाइन आणि टाकीच्या आतल्या ओढणाऱ्या नळीच्या तोंडावरची जाळी. ती जाळी कोणी बघतच नाही कारण ती टाकीच्या आत असते. टाकीत कचरा किंवा शेवाळासारखा गाळ असेल तर पंप ओढायला लागला की तो सगळा हळूहळू येऊन जाळीला चिकटतो, सपाट रस्त्यावर डिझेल कमी लागतं म्हणून चालून जातं, चढावर पूर्ण एक्सलेटर दिला की तेवढं डिझेल त्या जाळीतून येऊच शकत नाही. इंजिन बंद केलं की ओढ थांबते, गाळ सुटून खाली बसतो, गाडी परत नवी. आणि अर्ध्या तासाने परत तेच.

धूर नव्हता हे पण यात बसतं. डिझेल इंजिन काळा धूर काढत ताकद सोडत असेल तर त्याला हवा कमी पडतेय. धूर न काढता मुकाट्याने सोडत असेल तर त्याला डिझेल कमी पडतंय, किंवा कॉम्प्युटरने ते कमी केलंय. कॉम्प्युटर आपण आधीच बाजूला काढला होता.

तरी मी टाकी उतरवा असं लगेच सांगितलं नाही. त्याआधी एक सोपी परीक्षा असते, मेकॅनिककडून करून घ्यायची. स्वच्छ डिझेलचा एक कॅन इंजिनच्या जवळ पण सायलेन्सरच्या गरम पाइपापासून लांब घट्ट बांधायचा, पंपाकडे जाणारी आणि परत येणारी अशा दोन्ही लाइन त्या कॅनमध्ये सोडायच्या, परत येणारी विसरू नका कारण जुन्या पंपात बरंचसं डिझेल फिरून परत येतं आणि ती टाकीत जात राहिली तर कॅन बघता बघता रिकामा होतो. आणि मग त्याच चढावर गाडी न्यायची. केबिनमध्ये पायाशी कॅन ठेवून कोणी हे करू नये, थोडं सांडलं किंवा धक्का लागला तर निभावत नाही. कॅनवर पण पुलिंग गेलं तर पंप-टर्बोकडे बघू. कॅनवर गेलं नाही तर दोष टाकीच्या बाजूला, शंकाच नाही. ज्या गाड्यांत इलेक्ट्रिक पंप टाकीच्या आतच असतो तिथे ही परीक्षा अशी करता येत नाही, तिथे लाइनचं प्रेशर मोजावं लागतं.

कॅनवर त्यांची व्हॅन तो अख्खा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढून गेली. टाकी उतरवली तर तळाला दोन बोटं काळपट-तपकिरी चिकट थर, जाळी जवळजवळ बंद.

हे कुठून येतं ते समजून घ्या कारण कॅम्परला हा त्रास रोजच्या गाडीपेक्षा जास्त होतो. अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी महिनोन्महिने उभी राहिली की रिकाम्या भागातल्या दमट हवेचं पाणी होऊन टाकीच्या पत्र्यावर जमतं, ते डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला जातं, आणि पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू आणि बुरशी वाढते. तीच ती काळपट जेली. त्यासाठी औषध मिळतं, डिझेलमध्ये टाकायचं बायोसाइड, पण एवढा थर जमल्यावर नुसतं औषध टाकलं तर मेलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो आणि चार दिवसांत नवा फिल्टर बंद. म्हणून आधी टाकी धुऊन घ्यायची, मग औषध, आणि पुढचे काही हजार किलोमीटर गाडीत दोन फिल्टर जास्तीचे ठेवायचे. आणि पुढे गाडी उभी करताना टाकी भरून उभी करायची, दर थोड्या दिवसांनी फिल्टरच्या तळाचा पाण्याचा स्क्रू सोडून पाणी काढायचं.

याच वाचकांच्या गाडीत आणखी एक गोष्ट सापडली जी मी खूप कॅम्परमध्ये बघितलीय. झोपायच्या जागेसाठी जो डिझेल हीटर बसवला होता त्याला डिझेल द्यायला इंजिनच्या मेन लाइनमध्येच टी-जॉइंट मारला होता. ओढणाऱ्या बाजूच्या लाइनमध्ये डिझेल गळत नाही, हवा आत जाते, म्हणून खाली डाग दिसत नाही आणि कोणाला संशय येत नाही. पारदर्शक पाइपातले ते थोडे बुडबुडे तिथलेच होते. हीटरसाठी टाकीतून वेगळी नळी काढून घ्या, हे काम पुढे ढकलू नका.

प्रश्न : मी एकटीच व्हॅन घेऊन फिरते. गाडी टर्बो डिझेल, २० वर्षं जुनी. परवा ओव्हरटेक करताना एक "भफ्फ" असा आवाज झाला आणि ताकद एकदम निम्मी, आरशात बघितलं तर मागे काळा धूर. हळूहळू चालवत मुक्कामाला पोचले. गाडी चालू आहे, गरम होत नाहीये. मी स्वतः काय बघू शकते आणि काय बघू नये?

उत्तर : तुम्ही आवाज, वेळ आणि धुराचा रंग तिन्ही लिहिलंत म्हणून उत्तर सोपं झालं. टर्बोकडून इंटरकूलरकडे (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा भाग) आणि तिथून इंजिनकडे जाणारे जे जाड रबरी होज असतात त्यातला एक निघालाय किंवा फाटलाय. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला कमीत कमी साधारण १०,००० लिटर हवा लागते, टर्बो ती हवा दाबून आत भरतो, होज निघाला की ती बाहेरच निसटते आणि इंजिनला डिझेल मिळतं पण हवा नाही, म्हणून काळा धूर.

इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ द्या. मग टॉर्च घेऊन एका टोकापासून होज हाताने चाचपत जा, खालची बाजू विसरू नका कारण जुना होज बहुतेक वेळा खालूनच चिरतो आणि वरून अगदी चांगला दिसतो. जिथे ओलसर तेलकट धूळ चिकटलीय तिथे जास्त लक्ष द्या, आतून तेलाची थोडी वाफ येतच असते आणि फट असेल तिथूनच ती बाहेर डाग पाडते. होज नुसता निसटला असेल तर आतलं तेल फडक्याने नीट पुसा, नाहीतर परत निसटेल, पूर्ण आत सरकवा आणि क्लॅम्प आवळा. फाटला असेल तर चिकटपट्टी फार तर गॅरेजपर्यंत टिकते, तेही एक्सलेटर हलका ठेवून.

काय बघू नये : चालू इंजिनमध्ये होजजवळ हात, लांब केस, ओढणी काहीही नको. जास्त प्रेशरच्या डिझेल लाइनला तर हात लावायचाच नाही, नव्या कॉमन रेल इंजिनात (ज्यात सगळ्या नोझलना एकाच जाड पाइपातून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) तिथे १,००० बारपेक्षा जास्त प्रेशर असतं, केसाएवढी फट असली तरी डिझेलची धार कातडीतून आत शिरते आणि वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं. असं कोणाला कधी झालं तर दुखत नसलं तरी त्याच वेळी हॉस्पिटल.

आणि धूर काळ्याच्या ऐवजी निळसर दाट यायला लागला, ऑइल लाइट लागला, किंवा कर्कश शिट्टीसारखा आवाज आला तर मुक्कामापर्यंत न्यायची नाही, तिथेच थांबवायची. टर्बोचं सील गेलं तर डिझेल इंजिन स्वतःचं ऑइल पिऊन आपोआप रेस होऊ शकतं, तेव्हा चावी काढली तरी ते बंद होत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर सगळ्यात वरचा गिअर टाकायचा, ब्रेक पूर्ण दाबायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. तेही जमलं नाही तर गाडीतून उतरून लांब व्हायचं. असं फार क्वचित होतं, पण एकटीने फिरताना हे आधीच डोक्यात असलेलं बरं.

प्रश्न : तुम्ही लिंप मोडबद्दल लिहिता. माझ्या व्हॅनला चावी बंद-चालू केली की लगेच बरं वाटतं, परत चढ लागला की जातं. ऑनलाइन स्वस्त स्कॅनर घेतला पण तो गाडीशी बोलतच नाही. गाडी १९९९ ची डिझेल.

उत्तर : स्कॅनर खराब नाही, गाडी त्याच्या आधीची आहे. सगळ्यांसाठी एकच भाषा बोलणारा ओबीडी सॉकेट, म्हणजे स्कॅनर लावायची जागा, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचा झाला, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला २००४ पासून. त्याआधीच्या डिझेल गाडीत तसाच दिसणारा सॉकेट असला तरी ती कंपनीचीच भाषा बोलते, त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर असलेला माणूस शोधा. आणि त्याच्याकडे जाताना बॅटरी काढून कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे नंबर, पुसून जाऊ नका, अनेक जण हे करतात आणि मग तिथे काहीच सापडत नाही.

नव्या भाषेत पी-०२९९ म्हणजे टर्बोचं प्रेशर कमी, पी-०२३४ म्हणजे जास्त, पी-०१०१ म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरचं रीडिंग पटत नाही, पी-००८७ म्हणजे डिझेल रेलमध्ये प्रेशर कमी. पण कोड आला की तो पार्ट घेऊन यायचं नाही. कोड म्हणजे तक्रार, कारण नव्हे. पी-०२९९ वाचून लोकांनी टर्बो बदललेत आणि दोष निघाला पेन्सिलीएवढ्या व्हॅक्यूम पाइपाला पडलेल्या चिरेत.

तुमच्यासारख्या गाडीत मी या क्रमाने जाईन. आधी सगळे व्हॅक्यूम पाइप, २५ वर्षांत ते वाळून कडक होतात, वाकवून बघितलं की चिरा दिसतात, सगळेच बदलले तरी किरकोळ काम आहे. मग टर्बोचं प्रेशर कमी-जास्त करणारा जो दांडा असतो, ॲक्च्युएटरचा, त्याला हातपंपाने व्हॅक्यूम देऊन तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडकता जातो का ते बघायचं. बऱ्याच टर्बोच्या आत हलत्या पात्या असतात, गाडी कायम हळू चालवली, उभीच राहिली की त्यावर काजळी बसते आणि त्या अडकतात. मग चढावर पूर्ण दाबलं की प्रेशर हवं त्यापेक्षा वर जातं आणि कॉम्प्युटर सगळं आवरून घेतो. तसं असेल तर टर्बो उतरवून साफ करता येतो, नवा लागेलच असं नाही. त्यानंतर हवा मोजणारा सेन्सर. बऱ्याच जुन्या इंजिनांत त्याचा प्लग काढला की कॉम्प्युटर ठरावीक रीडिंग धरून चालतो, प्लग काढल्यावर गाडी उलट बरी पळाली तर तो सेन्सर संशयित.

आणि सगळ्याच्या आधी अर्थिंग. इंजिनपासून बॉडीला जाणारी वेणीची पट्टी गंजलेली असली की सेन्सर खोटं रीडिंग देतात. चालू इंजिनला बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास हवेत, आणि बॅटरीचं मायनस आणि इंजिनचा ब्लॉक यांच्या मध्ये मीटर लावून स्टार्टर फिरवला तर फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. कॅम्परमध्ये दुसरी बॅटरी, इन्व्हर्टर, सोलर असं काय काय त्याच अर्थिंगवर लटकवलेलं असतं, म्हणून इथे हे जास्त बघावं लागतं.

प्रश्न : आमची पेट्रोल व्हॅन, इंजिन मागे, कार्ब्युरेटरवाली, वडिलांच्या वेळची. लांब चढ चढून आल्यावर हळू ट्रॅफिकमध्ये अडकलो की मिसिंग मारायला लागते, झटके देते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की चालू. एक जण म्हणतो पेट्रोलची वाफ होते, दुसरा म्हणतो कॉइल गेलीय.

उत्तर : दोघंही बरोबर असू शकतात, म्हणून वाद न घालता बंद पडली त्याच मिनिटाला बघायला हवं. अर्ध्या तासाने बघून उपयोग नाही, तोपर्यंत पुरावा गार झालेला असतो.

एक जास्तीचा स्पार्क प्लग गाडीत ठेवा. बंद पडली की आधी कुठे पेट्रोल गळत नाहीये ना, वास येत नाहीये ना हे बघा, येत असेल तर ही परीक्षा करायचीच नाही. नसेल तर एका प्लगची वायर काढून जास्तीच्या प्लगला लावा, इन्सुलेशनच्या पकडीने तो प्लग इंजिनच्या पत्र्याला टेकवून धरा, हाताने नाही, कॉइल हजारो व्होल्ट देते, आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. निळा कडक स्पार्क आला तर कॉइल सुटली, पेट्रोलकडे बघायचं. पिवळसर लुळा किंवा काहीच नाही आला तर कॉइल किंवा कंडेन्सर. गरम झाल्यावर आतली वायर तुटल्यासारखी होते आणि गार झाल्यावर परत जुळते, त्यामुळे गॅरेजमध्ये गार कॉइल मोजली तर ती चांगलीच दिसते, फसू नका.

पेट्रोलचे हलके भाग ४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात, चढ चढून तापलेल्या इंजिनाला ट्रॅफिकमध्ये वारा मिळत नाही, मग पाइपात वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. पाइप इंजिनला किंवा सायलेन्सरला टेकत असेल तर लांब न्या, उष्णतेचं आवरण घाला, इंजिनच्या भोवतीचे रबरी सील जागेवर आहेत का बघा, ते नसले की खालची गरम हवा परत वर ओढली जाते.

पण तुम्हाला माझी खरी विनंती वेगळी आहे. ही वडिलांच्या वेळची गाडी आहे, पेट्रोलचे रबरी पाइप कधी बदलले ते आठवत नसेल तर या आठवड्यात सगळे बदला. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने आतून सुटतं, त्याचे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकून पण मिसिंग येतं, आणि पाइप चिरला तर मागच्या गरम इंजिनावर पेट्रोल सांडतं. इंजिन मागे असल्यामुळे आग लागलेली ड्रायव्हरला उशिरा कळते आणि तुम्ही त्याच्यावरच झोपता. इथेनॉलला चालणारा पाइप मागा, नवे क्लॅम्प मागा, आणि अग्निशामक बाटली दाराजवळ ठेवा, बेडखाली नाही.

प्रश्न : आमच्या कॅम्परचं सगळं चेक केलं, दोष नाही म्हणतात, पण उंच डोंगरात गेलो की दम लागतो.

उत्तर : टर्बो नसेल तर ते होणारच. ३,००० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण चौथाईने विरळ असते, म्हणजे इंजिनची ताकद पण जवळपास तेवढीच कमी. त्यात १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, सायकली, छपरावरची पेटी. एकदा पूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर घाला, बहुतेकांना आकडा बघून धक्का बसतो. खालचा गिअर लवकर टाका, टेंपरेचर बघत चला. हे *अचानक* नसेल, उंचीबरोबर हळूहळू होत असेल, तर पार्ट बदलू नका.

प्रश्न : रेस दिली की इंजिनचा आवाज वाढतो, आरपीएम वर जातं, पण गाडी पुढे जात नाही. इंजिन उतरवावं लागेल का?

उत्तर : नाही, इंजिन ताकद देतंय, ती चाकापर्यंत पोचत नाहीये. मॅन्युअल गाडी असेल तर क्लच प्लेट घसरतेय. याच्या उलट, आरपीएम पण चढत नाही आणि गाडी ओढल्यासारखी वाटते, तर थोडं चालवून ब्रेक न दाबता हळू थांबवा आणि प्रत्येक चाकाच्या जवळ हात नुसता न्या, लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर ब्रेक जाम आहे, महिनोन्महिने उभ्या कॅम्परमध्ये हॅन्डब्रेकची केबल गंजून असं फार होतं. आणि एक अगदी साधं, नवीन जाड मॅट टाकलंय का? एक्सलेटरच्या खाली मॅट दुमडून पेडल पूर्ण खाली जात नव्हतं अशा दोन गाड्या माझ्याकडे आल्या होत्या.

प्रश्न : गाडी चालू असताना पुढून खटकन आवाज आला, तेव्हापासून इंजिन हलतं आणि ताकद नाही. स्टार्ट होते. टायमिंग बेल्ट कधी बदलला माहीत नाही. ३० किलोमीटरवर ओळखीचं गॅरेज आहे, चालवत नेऊ का?

उत्तर : नेऊ नका, परत स्टार्टही करू नका. टायमिंग बेल्ट पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवतो, त्याचा एखादा दात सरकला असेल तर आत्ता तो परत बसवून काम भागेल, पण त्या ३० किलोमीटरमध्ये बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला धडकतात आणि मग हेड उतरवावंच लागतं. गाडी उचलून न्या, तिथे बेल्टचे मार्क आधी बघायला सांगा, आणि बेल्ट बदलताना टेन्शनर आणि वॉटर पंप पण त्याच वेळी बदलून घ्या, कारण तिथपर्यंत पोचायची मजुरी एकदाच लागते. आणि बदलल्याची तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.